चेंडू दिलात, मैदान कुणाच्या ताब्यात आहे?

तीन वर्षांपूर्वी ऋषिकेशच्या वरच्या अंगाला गंगेकाठी एक कॅम्प होता. दिल्लीतल्या बवानाहून बसनं आणलेली तीसेक मुलं रात्री शेकोटीभोवती गोल करून बसली होती. ट्रेनरनं प्रत्येकाच्या हातात कागदाचा एक तुकडा दिला. ज्या गोष्टीची सर्वांत जास्त भीती वाटते ती त्यावर लिहायची, मोठ्यानं वाचायची आणि कागद आगीत टाकायचा. कुणी अंधार लिहिला, कुणी साप, कुणी गणिताचे मास्तर. तेरा वर्षांच्या एका मुलानं उभं राहून वाचलं, "पापा नाले में उतरते हैं, तब."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग ट्रेनर म्हणाला, "बहुत बढ़िया!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कागद आगीत गेला. पुढचा मुलगा उभा राहिला.

मी त्या कॅम्पवर फॅसिलिटेटर होते. पीएच.डी.ची फेलोशिप महिनोन्‌महिने अडकली होती आणि दिल्लीतल्या खोलीचं भाडं थांबत नव्हतं, म्हणून शनिवार-रविवारचं हे काम धरलं होतं. 'व्हल्नरेबल' मुलांना शहराबाहेर न्यायचं, दोर, कातळ, नदी, खेळ यांतून त्यांना आत्मविश्वास, नेतृत्व आणि टीमवर्क शिकवायचं, असं संस्थेचं काम. संस्थेचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की चर्चा एका संस्थेच्या चुकांवर येऊन थांबते, आणि मला ज्या रोगाबद्दल बोलायचं आहे तो एका संस्थेचा नाही.

कॅम्प संपल्यावर मी अहवाल लिहिला. त्यात लिहिलं की हा मुलगा वाल्मीकी समाजातला आहे, वडील ठेकेदाराकडे सफाईचं काम करतात, त्यांना साधनांशिवाय गटारात उतरवलं जातं, 2013च्या कायद्यानं याला बंदी आहे आणि संस्थेनं निदान त्या कुटुंबाला कायदेशीर मदतीपर्यंत पोहोचवावं. अहवाल ऑफिसातून 'सुधारून' आला. आता त्यात एकच वाक्य उरलं होतं: शहरी अल्प उत्पन्न गटातल्या एका मुलानं निसर्गाच्या सान्निध्यात आपल्या भीतीवर मात केली. शेजारी त्याचा हसरा फोटो.

मी विचारलं, जात का काढली? मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "जात आणली की डोनर अस्वस्थ होतात. आणि मुलं जात बघत नाहीत गं. मोठ्यांनीच ती त्यांना शिकवू नये."

मुलं जात बघत नाहीत, या वाक्यावर या क्षेत्राचा अर्धा कारभार चालतो. मैदानावर सगळे सारखे, चेंडूला जात नसते, वगैरे. ज्यांना मैदानावर कधी कुणी अडवलं नाही, त्यांनाच हे सुचू शकतं.

जून 2023. गुजरातच्या पाटण जिल्ह्यातलं काकोशी गाव. शाळेच्या मैदानात क्रिकेटची मॅच चालू होती. बघायला आलेल्या एका दलित मुलानं जवळ आलेला चेंडू उचलला. त्यावरून शिवीगाळ झाली. मुलाच्या काकांनी जाब विचारला. संध्याकाळी टोळक्यानं त्यांच्या भावावर हल्ला करून त्याचा अंगठा तोडला. एकलव्याची गोष्ट आपण पुराणातली म्हणून ऐकतो. ही दोन-तीन वर्षांपूर्वीची, पोलीस ठाण्यात नोंदलेली गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात एका मुलानं चेंडूला हात लावण्यापासून झाली.

ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचा महिला हॉकी संघ उपांत्य सामना अर्जेंटिनाशी हरला. वंदना कटारिया याच संघातली, याच स्पर्धेत हॅटट्रिक करणारी खेळाडू. तिच्या हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात तिच्या घरासमोर फटाके वाजवण्यात आले आणि जातीवरून शिव्या देण्यात आल्या. देशासाठी ऑलिंपिक खेळली तरी गावाच्या लेखी ती कोण आहे, हे तिच्या दारात येऊन सांगितलं गेलं. ऋषिकेशला जाणारी आमची बस हरिद्वारवरूनच जायची.

आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचे पालवणकर बाळू आठवा. चांभार समाजातला हा माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर मैदान राखायचा, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करायचा. फलंदाजी साहेबांनी करायची. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांच्याशिवाय जिंकता येईना, तेव्हा त्यांना संघात घेतलं. पण चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनच्या बाहेर, हातात मातीचं भांडं. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना मिळालं नाही. त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, ते 1923मध्ये मिळालं, तेही झगडून. चेंडू बाळूंच्या हातात होताच. मैदान, पॅव्हेलियन आणि निर्णय दुसऱ्यांच्या हातात होते.

तेव्हा प्रश्न चेंडूचा नाही, मैदान कुणाच्या ताब्यात आहे याचा आहे. आणि हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही.

20 मार्च 1927ला बाबासाहेब महाडला गेले ते घडाभर पाणी मागायला नाही. पाणी कुणा दयाळू माणसानं दुरून ओंजळीत ओतलंही असतं. अशी ओंजळ आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुढे केली होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव 1923मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता आणि महाड नगरपालिकेनं त्यानुसार तळंही खुलं केलं होतं. कागदावर हक्क होता. तळ्यावर जायला मात्र माणसांना मार खावा लागला. संविधानाच्या कलम 15मध्ये विहिरी, तळी, घाट, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक वापराच्या जागाही आल्या, त्यामागे हा अनुभव आहे. गावचं मैदान त्याच रांगेत बसतं. चॅरिटी आपल्याला ओंजळभर खेळ देते. महाडची मागणी तळ्याची होती.

आता 'बाहेर' या शब्दाबद्दल. या संस्थांच्या माहितीपत्रकात 'आउटडोअर' हा शब्द फार पवित्र असतो. मूल चार भिंतींत कोंडलंय, त्याला मोकळ्या आकाशाखाली नेलं की ते फुलतं, असं त्यांचं गृहीतक. हे गृहीतक कुणाच्या घरातून आलं? ज्यांच्या मुलांना स्वतंत्र खोली आहे, त्यांच्या घरातून.

माझे आई-वडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि पुढचे पाच-सहा महिने आमचं घर म्हणजे कारखान्याच्या पट्ट्यातली कोपी. वर मोकळं आकाश होतंच. पहाटे आई-दादा फडात जायचे तेव्हा मीही बाहेरच, धाकट्या भावाला कडेवर घेऊन, वाढ्यांच्या ढिगाशेजारी. थंडी, चिखल, साप, सगळं निसर्गाचं सान्निध्यच होतं. त्याला कुणी 'लर्निंग' म्हटलं नाही. शाळेच्या हजेरीपटावर त्याला 'गैरहजर' म्हणत. आम्ही कधी आत नव्हतोच, की आम्हाला बाहेर काढावं. बाहेर राहणं हीच आमची शिक्षा होती: गावाबाहेर, शाळेबाहेर, देवळाबाहेर. मध्य प्रदेशातल्या भावखेडी गावात सप्टेंबर 2019मध्ये दोन दलित लेकरांना उघड्यावर शौचाला बसली म्हणून जिवे मारलं गेलं. त्यांच्या घरी संडास नव्हता. 'बाहेर' सगळ्यांसाठी एकसारखं मोकळं नसतं, हे ज्याला कळत नाही त्यानं आपल्या मुलांना निसर्ग शिकवायला येऊ नये.

आमच्या गावात मैदानही होतं. शाळेसमोर, मारुतीच्या पारालगत. बुद्धवाड्यातली पोरं मात्र गायरानात खेळायची. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पारावर बसणाऱ्यांची एक नजर पुरायची. आम्हा मुलींना गायरानही नव्हतं.

बवानाच्या त्या मुलाच्या घरी मी नंतर गेले. त्याची आजी यमुना पुश्त्याची. 2004मध्ये यमुनेकाठची ती प्रचंड वस्ती पाडली गेली आणि काही कुटुंबांना तीसेक किलोमीटरवर बवानाला 18 किंवा 12.5 चौरस मीटरचे तुकडे मिळाले. अनेकांना तेही नाहीत. आजी म्हणाली, पुश्त्याला घाण होती, पूर यायचा, पण पोरं नदीच्या वाळूत दिवसभर खेळायची. इथं घराचं दार उघडलं की समोरच्याच्या घराला लागतं. वस्ती हटवताना नदीच्या प्रदूषणाचं कारण सांगितलं गेलं होतं. पुढे त्याच नदीच्या पूरक्षेत्रात राष्ट्रकुल स्पर्धेसाठी खेळाडूंचं क्रीडाग्राम उभं राहिलं.

2010 हे वर्ष नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1 एप्रिल 2010ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसाठी जे निकष आहेत, त्यांत पिण्याचं पाणी, मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं यांच्याबरोबरीनं खेळाचं मैदान आहे. म्हणजे मैदान ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्या वेळी माहितीच्या अधिकारातून उघड झालं की दिल्ली सरकारनं अनुसूचित जाती उपयोजनेचे 700 कोटींहून अधिक रुपये स्पर्धेशी निगडित कामांकडे वळवले. गृहमंत्र्यांना राज्यसभेत ही चूक कबूल करावी लागली.

दिल्लीतल्या दलित मुलांच्या शाळा, वसतिगृहं, मैदानं यांच्यासाठी जो पैसा वापरता आला असता, तो खेळाच्याच नावानं गेला. त्या वर्षी जन्मलेल्या पिढीला आता कुठल्यातरी कंपनीच्या सीएसआरमधून दोन दिवसांचा कॅम्प मिळतो, आणि बसवर कंपनीचा फलक असतो. आधी हक्काचा पैसा काढून घ्यायचा, मग त्याचा चिमूटभर दान म्हणून परत करायचा आणि वर मुलांकडून थँक्यू कार्ड लिहून घ्यायचं. हो, आम्ही लिहून घेत होतो. परतीच्या प्रवासात, रंगीत पेनांनी.

कंपनी कायदा 2013च्या कलम 135नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण तो पैसा कुठल्या वस्तीत, कुठल्या शब्दांत, कुणाच्या सल्ल्यानं जाईल हे कंपनीचं मंडळ ठरवतं. त्या मंडळांत कोण बसतं आणि संस्थांच्या विश्वस्तांच्या यादीत कुठली आडनावं असतात, हे तुम्ही स्वतः वाचून बघा, त्यासाठी पीएच.डी. लागत नाही. यादीच्या तळाशी, 'फील्ड टीम'मध्ये, आपण भेटतो.

म्हणून त्यांची भाषा अशी असते. 'व्हल्नरेबल' म्हणजे ज्याला सहज इजा होऊ शकते असा. या शब्दात इजा होणारा आहे, इजा करणारा नाही. काच नाजूक असते तसं हे मूल नाजूक, इतकाच त्याचा अर्थ. मग उपाय काय? तर मुलाला कणखर बनवा. दोरावरून चालायला शिकवा. गटारात उतरणाऱ्या बापाच्या पोराला आणखी किती कणखर व्हायचं आहे? कणखरपणाचा धडा घ्यायचाच असेल तर त्या ठेकेदाराचा घ्या, महापालिकेचा घ्या.

आणखी एक नियम सांगते. आमच्या संस्थेत एक मूल एकदाच कॅम्पला येऊ शकायचं, कारण देणगीदाराला लाभार्थ्यांचा आकडा वाढता दाखवायचा असतो. तेच मूल दुसऱ्यांदा आलं तर आकडा वाढत नाही. बसमधून उतरताना त्या मुलानं मला विचारलं होतं, "दीदी, फिर कब जाएंगे?" मी 'लवकरच' म्हणाले. तेव्हा मला नियम माहीत होता. मी खोटं बोलले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्यातल्याच कुणाचा असेल. मुलं खूश तर झाली ना? निदान दोन दिवस?

झाली. मी ते नाकारत नाही. आमच्या गटातली एक मुलगी कातळाच्या माथ्यावर पोहोचली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला आहे. स्वच्छ वाहती नदी तिनं पहिल्यांदाच पाहिली होती. तिचा आनंद खरा होता, आणि मला त्या संस्थेतल्या तरुण ट्रेनर पोरांच्या मेहनतीबद्दलही शंका नाही. माझं म्हणणं असं, की हा आनंद जर इतका गरजेचा आहे, तर तो आयुष्यात एकदा का? दर आठवड्याला का नाही? तिच्या शाळेत का नाही? भारतानं 1992मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम 31नुसार खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. हक्क सोडतीत निघत नसतो.

शिवाय दुसरा रस्ता अस्तित्वात आहे. 25 मे 2014ला पूर्णा मालावत ही शेतमजूर आईबापाची आदिवासी मुलगी वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचली. तिच्याबरोबर आनंद कुमार हा दलित मुलगा होता. दोघंही समाजकल्याण विभागाच्या निवासी शाळांचे विद्यार्थी. भुवनगिरीच्या कातळावर त्यांनी चढाई शिकली. या शाळांचे सचिव होते आर. एस. प्रवीण कुमार, स्वतः दलित समाजातून आलेले पोलीस अधिकारी. महाराष्ट्रात मे 2018मध्ये 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळांचे 5 विद्यार्थी एव्हरेस्ट चढले. ही मुलं कुणाच्या दयेनं वर गेली नाहीत. सरकारी शाळा, सरकारी पैसा, आणि आपली जात-जमात लपवण्याची गरज नाही. एखाद-दुसरं शिखर सर झालं म्हणून सगळ्या आश्रमशाळांचे प्रश्न सुटले असंही नाही. तिथल्या जेवणाचे, आरोग्याचे प्रश्न आपल्याला माहीत आहेत. पण सार्वजनिक यंत्रणेकडून हे होऊ शकतं, एवढं सिद्ध झालं. म्हणजे बाकी ठिकाणी होत नाही ते अशक्य आहे म्हणून नाही.

संस्थाही सगळ्या एकाच साच्यातल्या नसतात. नागपुरात विजय बारसे यांनी 2001मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचं फुटबॉल सुरू केलं, त्यावर नागराज मंजुळेंनी 2022मध्ये 'झुंड' केला. त्या सिनेमात कॉलेजचं मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि वस्तीत भीमजयंती वाजतगाजत साजरी होते. मंजुळेंनी भिंतही दाखवली आणि जयंतीही. संस्थांच्या अहवालांतून या दोन्ही गोष्टी आधी खोडल्या जातात.

मग आपण काय करायचं? हा लेख वाचणाऱ्या तुमच्यातले अनेक जण आपल्या घरातले पहिले पदवीधर असतील. एमएसडब्ल्यू, एमए करून अशाच संस्थांत फील्ड कोऑर्डिनेटर, फॅसिलिटेटर, डॉक्युमेंटेशन ऑफिसर म्हणून काम करत असाल. घरी पैसे पाठवायचे असतात, नोकरी सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. मीसुद्धा तो 'सुधारलेला' अहवाल पाहून लगेच बाहेर पडले नाही. आणखी दोन कॅम्प केले, फेलोशिपचा हप्ता आला तेव्हाच सोडलं. पण ज्या खुर्चीत आपण आहोत, तिथून होण्यासारखं बरंच आहे.

अहवालात जात लिहा. त्यांनी खोडली तर पुन्हा लिहा, आणि आपली मूळ प्रत जपून ठेवा. मुलाचा फोटो छापण्याआधी त्याच्या आई-बापाला त्याखालचा मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. ज्या वस्तीत काम करता तिथल्या शाळेला मैदान आहे का, असलं तर त्यावर कुणाचं कुंपण आहे आणि कुणाची मुलं खेळत नाहीत, याची माहिती काढा. शिक्षण हक्क कायद्याचा आधार घेऊन शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत, महापालिकेत तो प्रश्न लेखी विचारा. उपयोजनेचा पैसा कुठं गेला, याचा माहिती अर्ज टाका. दिल्लीचे 700 कोटी अशाच अर्जांमुळे उघडे पडले. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकनं 2013मध्ये उपयोजनेच्या निधीसाठी कायदे केले. असा केंद्रीय कायदा अजून नाही, त्याची मागणी आपल्या प्रत्येक जाहीरनाम्यात हवी. आणि संस्थांना सरळ विचारा: ज्या मुलांच्या नावावर तुम्ही पैसा आणता, त्यांच्या समाजातलं कोण तुमच्या विश्वस्त मंडळावर आहे?

चेंडू परत करा असं मी म्हणत नाही. चेंडू घ्या, दोर घ्या, कॅम्पलाही पाठवा पोरांना. फक्त थँक्यू कार्ड लिहायला लावू नका. आपल्याच तळ्यातलं पाणी कुणी ओंजळीनं दिलं, तर त्याचे आभार मानायचे नसतात.

तो मुलगा आता सोळा वर्षांचा असेल. त्याची भीती कागदावर होती तेवढी जळाली. बवानाच्या त्या गल्लीत मैदान अजून नाही, आणि त्याचे वडील ज्या कामाला जायचे ते काम दिल्लीत अजून चालू आहे.

जय भीम.